चाळीस, वीस, दहा

संकटात सापडलेल्या माणसाला धीर देताना ऋतुचक्राचा दाखला देण्याची रीत फार जुनी आहे. रात्रीनंतर दिवस येतो, शिशिरानंतर वसंत येतो, त्याचप्रमाणे दुःखानंतर सुख येईलच, असे सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात संशय नाही. परंतु ज्याच्या घरात आज धान्य नाही, त्याचे वसंत येणार आहे एवढ्या आश्वासनावर भागत नाही. वसंत नेमका केव्हा येणार, तोपर्यंत काय खावे, आणि तो आलाच नाही तर काय करावे, हे त्याचे प्रश्न असतात. ऋतूंपासून माणसाला खरोखर आशा मिळत असेल, तर ती या तीन प्रश्नांपुढे टिकली पाहिजे. भारताच्या निरनिराळ्या भागांतील सामान्य जनांनी आपापल्या कठीण ऋतूशी शतकानुशतके जो व्यवहार केला आहे, त्यात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सापडतात. तो व्यवहार समजून घेण्यासारखा आहे.

पहिला प्रश्न 'केव्हा' हा. त्याचे सर्वांत रेखीव उत्तर काश्मीर खोऱ्यातील हिवाळ्यात मिळते. २१ डिसेंबरच्या सुमारास तेथे कडाक्याच्या थंडीचे पर्व सुरू होते. लोकांनी या पर्वाचे तीन भाग पाडले आहेत. पहिला भाग चाळीस दिवसांचा. तो जानेवारीच्या अखेरीस संपतो आणि त्याला 'चिल्लई कलां' असे नाव आहे. पुढचे वीस दिवस 'चिल्लई खुर्द' आणि त्यानंतरचे दहा दिवस 'चिल्लई बच्चा'. नावे फारसी वळणाची आहेत. चिल्ला म्हणजे चाळीस दिवसांची मुदत, कलां म्हणजे थोर, खुर्द म्हणजे धाकटा; आणि बच्चा म्हणजे काय हे सांगावयास नको. मराठी माणसाला यातला 'खुर्द' हा शब्द परका वाटणार नाही. एकाच नावाची दोन गावे शेजारी असली, की मोठे ते बुद्रुक आणि लहान ते खुर्द, हा आपल्याकडचा परिपाठ आहे. इराणातही थंडीचा थोरला चिल्ला आणि धाकटा चिल्ला मोजतात. तेथे थोरल्याला 'बुजुर्ग' हे विशेषण लावतात, आणि आपल्या बुद्रुकचे मूळही त्याच शब्दात आहे.

चिल्लई कलांचे चाळीस दिवस हे खोऱ्याच्या कसोटीचे दिवस. रात्रीचे तापमान गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली जाते. नळातले पाणी गोठते. दल सरोवराच्या कडेला बर्फाची साय धरते आणि कडाका वाढला तर तिचा पत्रा होतो. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरचे किमान तापमान उणे ८ अंशांच्याही खाली उतरले होते. पूर्वी तर अशा दिवसांत खोऱ्याचा बाहेरच्या जगाशी संबंधच तुटत असे, कारण बनिहालची खिंड बर्फाने बंद होई. १९५६ साली जवाहर बोगदा खुला झाला, तेव्हा ही अडचण बरीचशी कमी झाली. ६ जून २०२५ रोजी चिनाब नदीवरील रेल्वेपुलाचे उद्घाटन झाल्यावर खोरे उर्वरित देशाशी थेट लोहमार्गानेही जोडले गेले. तरीसुद्धा चिल्लई कलां हे नाव उच्चारताना वडीलधाऱ्यांच्या स्वरात आजही एक प्रकारचा दरारा असतो.

आता या मोजणीतील खुबी पाहावी. चाळीस, वीस, दहा, असा तिचा क्रम आहे. प्रत्येक टप्पा मागच्याच्या निम्मा. ज्याने चाळीस दिवस काढले, त्याला पुढे वीसच काढावयाचे असतात. ते काढले की दहाच उरतात. नावेही त्याच क्रमाने लहान होत जातात. जो शत्रू प्रारंभी थोर म्हणून आला, तो पुढे धाकटा होतो आणि जाताना पोर होऊन जातो. थंडी त्या हिशेबाने काटेकोर कमी होतेच असे नाही. चिल्लई खुर्दमध्येही कधी हिमवर्षाव होतो, कधी चिल्लई बच्चाही हट्टाला पेटतो. परंतु ज्या दुःखाला सीमा नाही असे वाटते, त्याला सीमा घालण्याचे काम ही नावे करतात. सत्तर दिवसांचा अंधार एकदम पाहिला तर छाती दडपते. त्याचे तीन तुकडे केले, प्रत्येकाला नाव दिले आणि दिवस बोटांवर मोजता आले, म्हणजे त्याच अंधाराला आरंभ, मध्य आणि अंत लाभतो.

या मोजणीच्या प्रारंभबिंदूत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. २१ किंवा २२ डिसेंबर हा उत्तर गोलार्धातील सर्वांत लहान दिवस. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे त्या दिवशी सूर्य दक्षिणेकडे अधिकांत अधिक झुकलेला असतो. श्रीनगरात तेव्हा दिवस दहा तासांपेक्षाही थोडा कमी भरतो. दुसऱ्या दिवसापासून सूर्य परत फिरतो आणि दिवस वाढू लागतो. म्हणजे ज्या दिवशी चिल्लई कलां बसते, जवळजवळ त्याच दिवशी प्रकाश परतीच्या वाटेला लागलेला असतो. असे असूनही खरा कडाका पुढेच पडतो, आणि याचे कारण साधे आहे. भूमी, पाणी आणि हवा यांनी साठवलेली उष्णता सावकाश सरते. सूर्याकडून मिळणारी ऊब वाढू लागली, तरी कित्येक आठवडे ती बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा कमीच असते. जमाखर्चाची तोंडमिळवणी होईपर्यंत तापमान उतरतच राहते. चिल्लई कलां संपेतो श्रीनगरातला दिवस अर्ध्या तासाहून अधिक वाढलेला असतो, आणि ही सारी वाढ वर्षातील सर्वांत थंड दिवसांत झालेली असते. सुधारणेचा प्रारंभ आणि सुधारणेची जाणीव यांत अंतर असते, ही गोष्ट तत्त्वज्ञ निरनिराळ्या रीतींनी सांगत आले. खोऱ्यातील मोजणीत ती सहजपणे सामावलेली आहे.

अर्थात केवळ दिवस मोजून थंडी सरत नाही. तिच्यासाठी केलेली तयारी हा त्या मोजणीचाच अर्धा भाग होय. शरद ऋतूत चिनारची पाने लाल होऊन गळतात. प्रवासी त्या पानांचे सौंदर्य पाहतात, पण खोऱ्यातील गृहिणी ती पाने झाडून गोळा करते आणि जाळून त्यांचा कोळसा करते. वेताच्या टोपलीत बसवलेले मातीचे भांडे, त्यात हा कोळसा आणि निखारे, अशी ती कांगडी. सैल फेरनच्या आत ती धरली म्हणजे माणूस आपली शेगडी बरोबर घेऊनच हिंडतो. त्याच सुमारास दुधी भोपळा, वांगी, टोमॅटो, सलगम यांच्या फोडी करून, माळा ओवून त्या उन्हात वाळवतात. या सुकवलेल्या भाज्यांना 'होख स्युन' म्हणतात. रस्ते बंद झाले, की हिवाळाभर त्यांचाच आधार असे. आज ताज्या भाज्यांच्या गाड्या बोगद्यातून येतात, तरीही श्रीनगरच्या बाजारात थंडीच्या दिवसांत या माळा लटकताना दिसतात. गळालेले पान आणि उतरत्या उन्हातली भाजी यांना पुढच्या ऋतूची शिदोरी करणारी ही दृष्टी आहे.

आणि हा हिवाळा निव्वळ सोसण्यासाठी आहे, असेही तेथील शेतकरी मानीत नाही. चिल्लई कलांमध्ये पडलेले बर्फ उंच डोंगरांवर घट्ट बसते आणि उन्हाळ्यात सावकाश वितळून ओढ्यांना व भातखाचरांना पाणी पुरवते. उशिरा पडलेले बर्फ भराभर वाहून जाते. सफरचंदाच्या झाडाला तर थंडीची गरजच असते. त्याच्या बहुतेक पारंपरिक जातींना सुमारे ७ अंशांखालील थंडीचे हजार किंवा त्याहून अधिक तास मिळावे लागतात. तेवढे मिळाले नाहीत, तर वसंतात कळ्या नीट उमलत नाहीत. हिवाळ्याने हात आखडता घेतला, तर फळाचे वर्ष बिघडते. म्हणून खोऱ्यात थंडीला लोक घाबरतात आणि ती आली नाही तर त्याहून अधिक घाबरतात.

मार्चच्या मध्यास श्रीनगरात हरिपर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बदामवारीत बदामाची झाडे फुलतात. पाने फुटण्याआधीच फांद्या पांढऱ्यागुलाबी होतात. त्यानंतर चैत्र शुद्ध प्रतिपदेला काश्मिरी पंडितांचे 'नवरेह' येते. महाराष्ट्रात ज्या दिवशी गुढी उभारतात, तोच हा दिवस. आदल्या रात्री एका थाळीत तांदूळ, दही, अक्रोड, लेखणी, आरसा, फुले मांडून ठेवतात, आणि पहाटे डोळे उघडताच घरातील प्रत्येकाने प्रथम त्या थाळीचे दर्शन घ्यावयाचे असते. गेल्या साडेतीन दशकांत यांतील पुष्कळ कुटुंबांना खोऱ्याबाहेर राहावे लागले. जम्मूत, दिल्लीत, पुण्यामुंबईत ही थाळी मांडली जाते. चिनारची पाने त्या गावी नाहीत, परंतु तिथी तीच आहे. देश सुटला तरी ऋतूची मोजणी सुटत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसरा प्रश्न 'तोपर्यंत काय' हा. त्याचे उत्तर शोधण्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, केरळात जावे लागते. तेथे थंडीचा जाच नाही. तेथला कठीण महिना पावसाचा आहे. मल्याळी पंचांगातील कर्किटकम् हा वर्षाचा शेवटचा महिना. तो जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. पाऊस कोसळत असतो, शेतातली कामे थांबलेली असतात, समुद्र खवळलेला असतो आणि साठवलेले धान्य तळाशी गेलेले असते. म्हणून या महिन्याला लोकांनी टंचाईचा महिना असे नाव दिले आणि लबाड कर्किटकम् असा शिक्काही मारला. भात आणि मासळी यांवर जगणाऱ्या कष्टकरी कुटुंबांत हा महिना अक्षरशः उपासमारीचा असे.

या महिन्याची सुरुवात ज्या रीतीने होत आली, ती मननीय आहे. आदल्या दिवशी घर झाडूनपुसून स्वच्छ करावयाचे, जुनी केरसुणी आणि मोडकीतोडकी भांडी बाहेर नेऊन टाकावयाची, आणि मोठ्याने म्हणावयाचे, की अवदसा बाहेर जावो आणि लक्ष्मी आत येवो. सुबत्तेच्या दिवशी लक्ष्मीचे स्वागत कोणीही करील. येथे दारिद्र्याचा महिना दाराशी आलेला असताना तिला पाट मांडला जातो. मग महिनाभर संध्याकाळी दिवा लावून एळुत्तच्छन या कवीच्या अध्यात्म रामायणाचे वाचन चालते. राज्य गमावून अरण्यात गेलेल्या राजपुत्राची ही कथा पावसाने कोंडलेल्या घरात वाचावी, आणि महिना संपेपर्यंत ती पूर्ण व्हावी, अशी योजना आहे. काश्मिरात दिवस मोजले जातात, येथे पाने मोजली जातात, एवढाच फरक.

परंतु वाचनाने पोट भरत नाही, हे केरळच्या लोकांनाही ठाऊक होते. त्यांनी या महिन्यासाठी औषधी कांजी सिद्ध केली. तांदळाची पेज, तीत मेथी, जिरे, निरनिराळी मुळे आणि पाने. पावसाळ्यात मंदावलेल्या अग्नीला ती पेलते आणि थोड्या तांदळात घरादाराचे भागते. त्याखेरीज या महिन्यात दहा प्रकारची पाने खाण्याचा प्रघात आहे. ही पाने बहुतेक परसात, बांधावर, रानात आपोआप उगवणारी. त्यांत 'तगर' नावाची एक भाजी आहे. तिचे नाव मराठी श्रोत्यांना फसवील, कारण फुलांच्या तगरीशी तिचा संबंध नाही; हा आपल्या कोकणातला टाकळा होय. त्या दहांत अळूचीही पाने असतात. सह्याद्रीच्या पायथ्याने कोकणापासून केरळापर्यंत एकच पाऊस पडतो आणि तोच टाकळा उगवतो. कोकणातल्या गरीब घरांनीही आषाढश्रावणाचे दिवस टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी अशा रानभाज्यांवर काढले आहेत. ज्या पावसाने घरातले धान्य संपवले, त्याच पावसाने दाराशी ही पाने उगवून दिली. ती ओळखणारी नजर मात्र माणसाला कमवावी लागते, आणि ती बहुतांशी घरातल्या स्त्रियांनी कमावली व लेकीसुनांच्या हाती दिली.

कर्किटकम् संपला की चिंगम् येतो. केरळच्या कोल्लम् शकाचे नवे वर्ष त्याच दिवशी सुरू होते. ऊन पडते, भात कापणीला येते, आणि अत्तम् नक्षत्रापासून दारासमोर फुलांच्या रांगोळ्या घालीत घालीत लोक ओणमकडे जातात. ओणमच्या भरल्या पानाला जी चव आहे, तिच्यात आदल्या महिन्याच्या पेजेचा वाटा मोठा आहे. वर्षाचा अखेरचा महिना दारिद्र्याचा आणि पहिला महिना समृद्धीचा, अशी या पंचांगाची रचनाच आहे.

हिवाळा झाला, पावसाळा झाला; आता उन्हाळा. दख्खनच्या पठारावर, माळव्यात आणि राजस्थानच्या मरुभूमीत चैत्रवैशाख हे कसोटीचे महिने. विहिरी आटतात, गुरांचा चारा संपतो, जमीन भेगाळते. आणि नेमक्या याच वेळी झाडांना नवी पालवी फुटते. चैत्रपालवी हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की त्यातले आश्चर्य कोणाच्या ध्यानी येत नाही. पावसाचा थेंब नसताना, हवा तापलेली असताना झाडांनी कोवळी पाने कशाच्या बळावर काढावी? याचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे. खोल गेलेल्या मुळांना तेथे थोडी ओल मिळते, खोडातही पाण्याचा साठा असतो. दिवस मोठा होत चालल्याची खूण झाडांना कळते. पाऊस येईल तेव्हा पाने तयार असावीत, म्हणून झाड पावसाच्या आधीच कामाला लागते.

मारवाडातील खेजडी हे याचे ठळक उदाहरण. खेजडी म्हणजे दसऱ्याला जिची पूजा होते ती शमी. ऐन उन्हाळ्यात तिला नवी पाने येतात, तिचा पाला जनावरांना चारा होतो आणि तिच्या शेंगा, ज्यांना सांगरी म्हणतात, त्या माणसांना भाजी होतात. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० मध्ये पडलेला दुष्काळ राजस्थानात 'छप्पनिया' या नावाने स्मरणात आहे. त्या दुष्काळात लोकांनी खेजडीची साल दळून खाल्ली. १९८३ साली राजस्थानने तिला राज्यवृक्ष केले, त्यामागे ही कृतज्ञताही असली पाहिजे.

उन्हाळ्याच्या तापाचा आणि पावसाचा तर प्रत्यक्ष कार्यकारण संबंध आहे. सूर्य उत्तरेकडे सरकतो, तशी भारताची भूमी समुद्रापेक्षा फार अधिक तापते. तापलेल्या भूमीवर हवेचा दाब कमी होतो आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा सूर्याच्या मागोमाग उत्तरेकडे येतो. दक्षिण गोलार्धातील वारे विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळतात, आणि अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन नैर्ऋत्येकडून किनाऱ्यावर धडकतात. वैशाखातल्या ज्या उन्हाला माणूस शिव्या देतो, तेच उन्ह मृगाच्या ढगांना वाट करून देत असते.

त्या ढगांची वाट पाहण्याची मराठी शेतकऱ्याची पद्धतही मोजणीचीच आहे. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस तो मृगात येतो, आणि तेथपासून हस्तापर्यंत पावसाची नऊ नक्षत्रे मोजली जातात. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा, अशी त्यांना माणसांची नावे आहेत. प्रत्येक नक्षत्राला पंचांगात वाहन असते, आणि ते बेडूक आहे की म्हैस की कोल्हा, यावर गावाच्या पारावर पावसाचा अंदाज रंगतो. हवामानशास्त्राच्या दृष्टीने वाहनाला आधार नाही. परंतु नऊ भागांच्या या विभागणीला शेतीच्या दृष्टीने निश्चित अर्थ आहे. मृग कोरडा गेला तर आर्द्रा आहे. आर्द्राही गेली तर उशिरा पेरून चालेल असे पीक निवडावयाचे. खरिपाचा हंगाम हातचा गेला तरी उत्तराहस्ताच्या पावसावर रब्बीची ज्वारी पेरता येते. अशा रीतीने आशेचे नऊ हप्ते पाडलेले असतात, आणि प्रत्येक हप्त्याबरोबर करावयाचे काम ठरलेले असते.

आणि तरीही तिसरा प्रश्न उरतो, आणि तोच सर्वांत कठीण. नऊही नक्षत्रे कोरडी गेली तर?

या प्रश्नाला टाळून ऋतूंची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळच्या किनाऱ्यावर साधारणतः १ जूनला येतो. नोंदींत त्याचे सर्वांत लवकर झालेले आगमन ११ मे १९१८ चे आहे. वेळेआधी आलेल्या त्या पावसाने लोकांना केवढा हुरूप आला असेल! परंतु १९१८ हे पुढे देशातील अत्यंत तीव्र अवर्षणाचे वर्ष ठरले, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने लक्षावधी माणसे नेली. चांगल्या प्रारंभावरून शेवटाची खात्री देता येत नाही, हे त्या वर्षाने शिकवले. सर्वांत उशिरा झालेले आगमन १८ जून १९७२ चे. ते वर्ष मराठी माणसाला सांगावे लागत नाही. त्याआधीची दोन वर्षेही महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाऊस अपुरा झाला होता, आणि १९७२ साली तो जवळजवळ पूर्णपणे रुसला. नक्षत्रे एकामागून एक आली आणि गेली.

अशा वेळी ऋतूवर भरवसा ठेवून बसलेल्यांचे काय होते, हे देशाने आधी पाहिलेले होते. छप्पनियात माणसे गावेच्या गावे सोडून गेली आणि वाटेत मेली. १९४३ साली बंगालमध्ये सुमारे तीस लक्ष माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज सामान्यतः केला जातो. तेथे तर अन्न अगदीच नव्हते असे नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की मजुराच्या हाती ते विकत घेण्याचे सामर्थ्य उरले नव्हते. दुष्काळ आकाशातून येतो, पण माणसे मरतात ती बहुधा जमिनीवरच्या कारणांनी.

महाराष्ट्रात १९७२-७३ साली या जमिनीवरच्या कारणांना हात घातला गेला. गावोगावी दुष्काळी कामे निघाली. खडी फोडणे, रस्ते बांधणे, बांधबंदिस्ती करणे, पाझर तलाव खोदणे, अशी ही कामे होती. मे १९७३ मध्ये, म्हणजे कामांची गर्दी शिगेला पोहोचली तेव्हा, जवळजवळ पन्नास लक्ष माणसे त्यांवर होती. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून कधी गेली नाही. कष्ट भयंकर होते. उन्हात खडी फोडून हातांना फोड येत, कोवळ्या मुलांना झाडाच्या सावलीत टाकून आया काम करीत. परंतु छप्पनियासारखा संहार झाला नाही. आठवड्याची मजुरी हातात पडत होती, आणि पुढच्या मृगापर्यंतचे दिवस त्या आठवड्यांत मोजता येत होते.

ही कल्पना त्या दुष्काळात एकाएकी सुचलेली नव्हती. काम मागेल त्याला काम द्यावे, हा विचार वि. स. पागे यांनी आधीपासून मांडला होता आणि १९६५ साली तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोगही झाला होता. दुष्काळाने त्याची निकड सिद्ध केली. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, आणि २००५ साली संसदेने देशभरच्या ग्रामीण भागासाठी तशा हमीचा कायदा केला. या कायद्यांच्या अंमलबजावणीतील उणिवा पुष्कळ सांगता येतील आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. तथापि मूळ कल्पना ऋतूच्या व्यवहारातलीच आहे, हे ध्यानात घ्यावे. काश्मिरी गृहिणी चिनारची पाने साठवते, केरळची आजी टाकळा ओळखते, शेतकरी मृग गेल्यावर दुसरे बियाणे काढतो. तीच गोष्ट एका राज्याने कायद्याच्या रूपाने केली. कठीण ऋतू येणारच, हे गृहीत धरून त्याच्यासाठी आधीच तरतूद करून ठेवली.

आज ऋतूंची घडी पूर्वीसारखी राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये चिल्लई कलां चालू असताना गुलमर्गची कुरणे कोरडी पडली होती. बर्फ आले ते बरेच उशिरा. पाऊस थोड्या दिवसांत फार पडतो आणि मध्ये दीर्घ खंड पडतात, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तापणाऱ्या पृथ्वीवर जुनी कोष्टके जशीच्या तशी लागू पडणार नाहीत. मग त्या कोष्टकांतून मिळालेली आशाही जुनी झाली काय? ती केवळ 'वसंत येईलच' या विश्वासावर उभी असती, तर झाली असती. परंतु संकटाला सीमा घालावी, त्याचे लहान भाग करावेत, प्रत्येक भागात करता येईल ते काम ठरवावे, आणि ज्याच्या घरची शिदोरी संपली त्याला आपल्या हिशेबात धरावे, हा जो व्यवहार ऋतूंनी माणसाला शिकवला, तो ऋतू बदलले तरी उपयोगी पडणारा आहे. किंबहुना, आता त्याची गरज अधिकच आहे.

दर वर्षी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खोऱ्यातील घरोघर कांगडीत निखारे भरले जातात आणि चाळीसची मोजणी सुरू होते. त्या पहिल्या दिवशी दिवसाची लांबी जी वाढते, ती काही सेकंदांचीच. खिडकीवरच्या बर्फाला ती कळत नाही, तापमापकाला कळत नाही. पुढे कित्येक रात्री अधिकाधिक थंड होत जातात. परंतु घरातले वडीलधारे माणूस संध्याकाळी फेरनमध्ये हात घालून एवढेच म्हणते, की आज एक दिवस गेला. आणि तो खरोखरच गेलेला असतो.